भिंत जाड झाली की खिडकी का तुटते? रेव्हिटमध्ये स्वतः केलेल्या फॅमिलीचं नेहमीचं दुखणं

रेव्हिट हे इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात खिडकी-दारासारखी पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू म्हणजे फॅमिली. ती जिथे करतात त्या फॅमिली एडिटरमध्ये खिडकी छान दिसते. रुंदी 900 ची 1200 केली, उंची वाढवली, सगळं मुकाट हलतं. मग ती प्रोजेक्टमध्ये आणून जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत बसवली की चौकट भिंतीच्या पोटात कुठेतरी लटकते, गज बाहेर येतात, छज्जा भिंतीपासून सुटून हवेत राहतो. नाहीतर पडद्यावर तो ओळखीचा संदेश येतो: कन्स्ट्रेन्ट्स आर नॉट सॅटिस्फाइड, म्हणजे घातलेल्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. पावसाळ्यात साइट बंद असतात, ड्रॉइंगची कामं वाढतात, आणि कुडाळ-मालवणकडच्या कुणा ना कुणा मुलाचा यावरून फोन येतोच. मीही यात पुष्कळ रात्री घालवल्या आहेत, म्हणून एकदा नीट लिहितो.

आपल्याकडे हे जास्त का होतं, ते आधी सांगायला हवं. शहरातल्या इमारतीत एकदा ठरलेली भिंत सगळीकडे तीच असते. कोकणातल्या एका घरात चार जाड्या सापडतात. नवीन बांधकामात चिरा 9 इंचांत लावतात, म्हणजे 230 मिमी. बाहेरून चिरा उघडा ठेवून फक्त दरजा भरल्या आणि आतून 12 मिमी गिलावा केला, तर 242. दोन्ही बाजूंनी गिलावा केला, बाहेर 20 आणि आत 12, तर 262. जुनं माजघर तसंच ठेवायचं असेल तर तिथे चिरा लांबीच्या अंगाने, 14 इंचांत लावलेला असतो. वर पूर्वीचा मातीचा गिलावा. अशी एक भिंत मी फुटपट्टीने मोजली तेव्हा 390 मिमी भरली. न्हाणीघराची आडभिंत साडेचार इंच विटेची, म्हणजे 115 मिमी. चाकरमानी मालक म्हणतो की खिडक्या मात्र सगळीकडे एकसारख्या दिसायला हव्यात. तेव्हा खिडकीची फॅमिली रुंदी-उंचीइतकीच जाडीलाही टिकली पाहिजे. बहुतेकांची तिथेच फसते, कारण शिकवताना रुंदी-उंचीच हलवून दाखवतात.

तपासणी तिथूनच सुरू करा. फॅमिली उघडा. टेम्प्लेटसोबत आलेली भिंत निवडा, एडिट टाइपमध्ये जाऊन डुप्लिकेट करा, जाडी 390 द्या. प्लॅनमध्ये बघा, मग बाजूच्या एलिव्हेशनमध्ये बघा. नंतर 115 देऊन परत बघा. प्रोजेक्टमध्ये जे तुटणार आहे ते इथेच तुटेल.

चौकट जागची हलली नाही आणि भिंत मात्र तिच्या भोवती वाढली, तर कारण बहुधा एकच. एक्सट्रूजन करताना, म्हणजे सपाट आकाराला जाडी देऊन घन वस्तू करताना, स्टार्ट आणि एन्डमध्ये आकडे टाकून सोडून दिलेले असतात. ते आकडे ज्या वर्क प्लेनवर चौकट काढली तिथून मोजलेले. भिंतीचा बाहेरचा चेहरा कुठे गेला, याची त्यांना काहीच खबर नसते.

उपाय असा. प्लॅनमध्ये भिंतीला समांतर दोन रेफरन्स प्लेन, म्हणजे वस्तू बांधायच्या आधारपातळ्या, काढा. कीबोर्डवर आर पी. त्यांना नावं द्या: ‘चौकट बाहेर’ आणि ‘चौकट आत’. भिंतीच्या बाहेरच्या चेहऱ्यापासून पहिल्या प्लेनपर्यंत डायमेन्शन टाका आणि त्याला ‘बाहेरून अंतर’ नावाचं पॅरामीटर, म्हणजे नाव दिलेलं बदलता येणारं माप, द्या. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत ‘चौकट जाडी’, आमच्याकडे 100 मिमी. मग अलाइन घेऊन चौकटीचे दोन्ही चेहरे त्या-त्या प्लेनवर आणून कुलूप लावा. इथे एक गोष्ट जपा. चेहरा प्लेनलाच लॉक व्हायला हवा. कर्सर भिंतीच्या कडेवर किंवा शेजारच्या तावदानाच्या कडेवर गेला तर निळी रेघ तशीच दिसते आणि मग फसगत होते. टॅब दाबत राहा, खाली प्लेनचं नाव दिसलं की क्लिक करा. प्लेनला नाव द्यायचं ते यासाठीच.

‘बाहेरून अंतर’ हे पॅरामीटर मी टाइप (एका प्रकारच्या सगळ्या खिडक्यांना एकच) न ठेवता इन्स्टन्स (प्रत्येक खिडकीला वेगळं) ठेवतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. पश्चिमेच्या खिडकीची चौकट आत सरकवली तर फणसाचं लाकूड चार पावसाळे जास्त टिकतं. पूर्वेला तेवढी गरज नसते. त्यामुळे त्याच 900 बाय 1200 च्या खिडकीला एका भिंतीत 50 आणि दुसऱ्या भिंतीत 90 द्यावं लागतं. या पॅरामीटरला उणे आकडा मात्र देऊ नका. लेबल लावलेलं डायमेन्शन उणे होत नाही. तुमची चौकट बाहेरच्या अंगाला न जाता एररच येईल.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हे समजलं की निम्म्या फॅमिली आपोआप सुधारतात.

आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा एक म्हातारे गवंडी होते. नवशिका पोरगा आधी लावलेल्या चिऱ्याला चिकटवून पुढचा चिरा लावत सुटला की ते ओरडायचे, “चिऱ्यार नको, दोरयेर बघ!” चिऱ्याची कड कधीच पूर्ण सरळ नसते. पहिला अर्धा सूत बाहेर गेला, दुसरा त्याच्यावर बेतला, तिसरा दुसऱ्यावर. दहाव्या चिऱ्याला भिंत पोट काढते. दोरी आधी ताणायची आणि प्रत्येक चिरा दोरीवरून घ्यायचा. रेव्हिटमध्ये दोरी म्हणजे रेफरन्स प्लेन. चौकट प्लेनला, तावदान प्लेनला, गज प्लेनला, छज्जा प्लेनला. तावदान चौकटीला आणि गज तावदानाला बांधले तर ती शेजारच्या चिऱ्यावर बेतलेली भिंत झाली. एकाची जागा बदलली की सगळी ओळ ओढली जाते, आणि कुठेतरी दोन ओढी एकमेकींविरुद्ध गेल्या की संदेश येतो.

म्हणून क्रम पाळा. आधी सगळे प्लेन काढायचे, त्यांना डायमेन्शन आणि पॅरामीटर द्यायचे, आणि एकही घन वस्तू काढण्याआधी तो सांगाडा हलवून बघायचा. रुंदी 600, 900, 1800; जाडी 115, 242, 390. सांगाडा टिकला तरच लाकूड चढवायचं. एक वस्तू चढवली की परत हलवायचं. पाच वस्तू एकदम काढून मग तपासलं तर चूक कोणाची ते कळायला संध्याकाळ जाते.

कन्स्ट्रेन्ट्सच्या संदेशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा त्रास परत परत का येतो याचं उत्तर त्या संदेशातल्याच एका बटणात आहे. संदेशाबरोबर रिमूव्ह कन्स्ट्रेन्ट्स असा पर्याय येतो. घाईत आपण तो दाबतो. संदेश जातो, खिडकी ठीक दिसते, आपण फाइल सेव्ह करून जेवायला जातो. प्रत्यक्षात रेव्हिटने एखादं-दोन कुलपं काढून टाकलेली असतात. कुठली काढली ते आठवड्याने कोणाच्याच लक्षात नसतं. पुढच्या वेळी रुंदी बदलली की तीच वस्तू मागे राहते, आपण पुन्हा लॉक करतो, पुन्हा भांडण, पुन्हा तेच बटण. माझं कळकळीचं सांगणं आहे: ते बटण दाबू नका. कॅन्सल करा आणि भांडण कोणाचं आहे ते शोधा.

नव्वद टक्के वेळा मला जे सापडलं ते असं. डावीकडून उजवीकडे पूर्ण रुंदी 900, तिला पॅरामीटर. डावी चौकट 75, उजवी चौकट 75, दोन्हींना ‘चौकट रुंदी’ पॅरामीटर. इथपर्यंत बरोबर. पण मधल्या मोकळ्या जागेला, 750 ला, कोणीतरी सहज डायमेन्शन टाकून कुलूप लावलेलं असतं. आता रुंदी 1200 केली तर 75 अधिक 750 अधिक 75, म्हणजे 900 च. रेव्हिट दोन्ही गोष्टी खऱ्या करू शकत नाही. कुलूप उघडा. ‘मोकळी रुंदी’ हवीच असेल, आणि पुढे गजांसाठी ती लागणारच, तर ती ड्रॉइंगवर कशालाही न बांधता फक्त सूत्र म्हणून ठेवा: रुंदी वजा दोन गुणिले चौकट रुंदी. तीन मापांपैकी दोन तुम्ही द्या, तिसरं निघू द्या. सुतारही असंच करतो. गाळा आणि चौकटीचा फळा सांगितला की तावदान किती ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

भांडण डोळ्यांनी दिसत नसेल तर फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत शेवटी लावलेल्या कुलपापासून एकेक उघडत मागे या. प्रत्येक वेळी रुंदी हलवून बघा. ज्या कुलपाला संदेश थांबला ते गुन्हेगार, किंवा गुन्हेगाराचा जोडीदार. मग मूळ फाइलमध्ये तेवढंच दुरुस्त करा. प्रतीतली दुरुस्ती पुढे नेऊ नका. तिथे तुम्ही बरीच चांगली कुलपंही उघडलेली असतात.

अजून एक जागा तपासा, जी फार थोडे लोक तपासतात. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये, म्हणजे व्ही जी, ॲनोटेशनच्या टॅबवर डायमेन्शन्सच्या खाली ऑटोमॅटिक स्केच डायमेन्शन्स अशी ओळ आहे. ती चालू करा. तुम्ही न बांधलेल्या रेषांना रेव्हिटने स्वतःच्या अंदाजाने कुठे बांधलं आहे ते लगेच दिसतं. ‘कालपर्यंत चालत होती, आज अचानक बिघडली’ असं जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा बहुतेक वेळा ती या अंदाजांवर चालत होती. जिथे असं आपोआप आलेलं माप दिसेल, तिथे रेषा प्लेनला लॉक करा. ते माप नाहीसं होईल.

गजांचं वेगळं सांगतो. आपल्या खिडक्यांना उभे लोखंडी गज असतात आणि मालकाला दोन गजांमध्ये 100 मिमीपेक्षा जास्त जागा नको असते. मांजर, साप, लहान मूल, कारणं घराघरांत वेगळी. गज थेट खिडकीच्या फॅमिलीत काढून त्याचा ॲरे, म्हणजे ओळीने सारख्या अंतरावर प्रती, करू नका. एक गज ही वेगळी फॅमिली करा, ती आत आणा आणि तिचा ॲरे करा, मूव्ह टू लास्ट निवडून. पहिला आणि शेवटचा गज दोन प्लेनना लॉक करा. ॲरेच्या आकड्याला लेबल द्या: ‘गज संख्या’.

हिशेब असा. मोकळी रुंदी 750. तिला 100 ने भागलं की साडेसात, वरचा पूर्णांक 8. राउंडअप हे फंक्शन ते करून देतं. म्हणजे 8 गाळे, 7 गज, आणि दोन गजांमधलं अंतर 750 भागिले 8, म्हणजे 93.75 मिमी. पहिला प्लेन चौकटीपासून तेवढ्याच अंतरावर, शेवटचाही. सूत्रात भागताना 100 च्या पुढे मिमी लिहायला विसरू नका; लांबीला नुसत्या आकड्याने भागलं तर उत्तर लांबीच राहतं, आणि गजांची संख्या म्हणून लांबी दिली की युनिट जुळत नसल्याची तक्रार येते. पॅरामीटरच्या नावात वजाबाकीचं चिन्हही टाळा, सूत्र त्याला वजाबाकीच समजतं.

ही फॅमिली आठ महिने चालली. मग एका घरात न्हाणीघराच्या झरोक्याला तीच वापरली, रुंदी 300, आणि सगळं कोसळलं. मोकळी रुंदी 150, गाळे 2, गज 1. मी वापरत होतो त्या 2021 च्या आवृत्तीत ॲरे दोनच्या खाली जात नाही. बरं, सूत्रात ‘दोनपेक्षा कमी झाले तर 2 धर’ असं लिहिलं तरी भागत नाही, कारण एका गजाच्या हिशेबात पहिला आणि शेवटचा प्लेन अगदी एकाच जागी, 75 वर, येऊन बसतात. दोन्ही बाजूंनी सावरावं लागतं. गज दोनपेक्षा कमी निघाले तर संख्या 2 धरायची, आणि त्याच अटीवर कडेचं अंतर मोकळ्या रुंदीच्या तिसऱ्या भागाइतकं, इथे 50, करायचं. दोन प्लेन वेगळे राहतात, ॲरे जिवंत राहतो. झरोक्याला मग दोन गज येतात, 50 च्या अंतराने, आणि कुणाची हरकत नसते. एकच गज हवा असेल तर मधोमध एक सुटा गज ठेवा आणि दोघांच्या व्हिजिबल गुणधर्माला उलटसुलट हो-नाही पॅरामीटर जोडा. ॲरे करण्याआधी जोडा, नंतर ग्रुपच्या आत शिरून जोडणं त्रासाचं आहे.

‘लाइन इज टू शॉर्ट’ असा संदेश आला तर बारीक खाच, तावदानाची गोलाई किंवा कॅडमधून आणलेली नक्षी बघा. रेव्हिटचा जन्म अमेरिकेतला, 2002 मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. आत सगळी लांबी फुटांमध्येच साठवली जाते आणि एक इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा, म्हणजे सुमारे 0.8 मिमीपेक्षा, आखूड रेघ ते काढत नाही. सुताराच्या भाषेत पाव सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, त्याचा पाव. लाकडात तेवढी खाच रंधा मारताना निघून जाते, तेव्हा मॉडेलमधूनही काढून टाका. आणि कॅडची नक्षी फॅमिलीत एक्सप्लोड करू नका. रेषांच्या शेकडो बारीक तुकड्यांबरोबर नको त्या लाइन स्टाइल येतात आणि त्या पुढे प्रोजेक्टभर पसरतात.

फॅमिली सुधारून परत लोड करताना दोन पर्याय विचारले जातात. एक फक्त फॅमिली बदलतो, दुसरा पॅरामीटरची मूल्यंही बदलतो. दुसरा नकळत निवडला गेला की प्रोजेक्टमध्ये तुम्ही टाइपला दिलेली मापं फॅमिलीतल्या मापांनी पुसली जातात. मालवणजवळच्या एका घरात माझ्या 14 खिडक्यांची उंची अशी एका क्लिकने बदलली होती आणि चौकटी कापायला जाण्याच्या आदल्या दिवशी सुतारकाकांनीच ती चूक पकडली. तेव्हापासून लोड करण्याआधी खिडक्यांचं शेड्यूल एक्सपोर्ट करून ठेवतो, नंतर ताडून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

असंच दुसरं नुकसान होतं ते टेम्प्लेटचे मूळ प्लेन पुसल्यावर. डावा, उजवा, मधला हे प्लेन आवडले नाहीत म्हणून काढून स्वतःचे टाकले, की प्रोजेक्टमध्ये त्या खिडकीला दिलेली डायमेन्शन्स अनाथ होतात, संदर्भ सापडत नाही म्हणून पुसली जातात. मूळ प्लेन ठेवा, त्यांच्यावरच काम करा. तुम्ही वाढवलेल्या प्लेनपैकी ज्याला बाहेर कोणी माप लावायचं नाही, त्याच्या इज रेफरन्स या गुणधर्मात नॉट अ रेफरन्स निवडा. नाहीतर प्रोजेक्टमध्ये माप टाकताना गजाच्या प्लेनला चिकटतं.

गिलावा चौकटीपर्यंत वळत नाही, ही तक्रार खरं तर याच कुटुंबातली. ‘चौकट बाहेर’ या प्लेनच्या गुणधर्मांत वॉल क्लोजर चालू करा, आणि प्रोजेक्टमध्ये भिंतीच्या टाइपला रॅपिंग ॲट इन्सर्ट्स द्या. दोन्ही लागतात. उघड्या चिऱ्याच्या भिंतीत बाहेरचा थर नसतोच, तिथे फक्त आतलं रॅपिंग ठेवा, नाहीतर चिऱ्यावर नसलेला गिलावा कापलेल्या ड्रॉइंगमध्ये दिसतो आणि गवंडी तो खरंच करून ठेवतो.

कौलारू छपराच्या कैच्या फॅमिलीत करणाऱ्यांसाठी एवढंच: उताराचा कोन रेफरन्स प्लेनने फिरवू नका. रेफरन्स लाइन घ्या, तिचं टोक दोन प्लेनच्या छेदावर दोन्ही दिशांनी लॉक करा, आणि वासा त्या लाइनवर काढा. प्लेनला टोक नसतं, त्यामुळे तो कशाभोवती फिरायचा हे ठरत नाही आणि उतार बदलला की कैची जागा सोडते.

हे सगळं एकदा जमलं की त्या फाइलची एक रिकामी प्रत ठेवा. त्यात फक्त सांगाडा, नावं दिलेले प्लेन, पॅरामीटर, सूत्रं, आणि आपल्या चार जाड्यांच्या भिंतींचे टाइप: 115, 242, 262, 390. तिचं एक्स्टेन्शन आरएफएवरून आरएफटी केलं की ते तुमचं स्वतःचं टेम्प्लेट होतं. पुढची खिडकी, दार, झरोका तिथूनच सुरू करा. भिंत हलवून बघायची वेळ आली की जाड्या आधीच यादीत असतात, नुसत्या निवडायच्या.